लीलमधले एकतीस थांबे

हेमंत,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्या मेधानं माझ्यासाठी दोन पानं राखली आहेत आणि एक अट घातली आहे. "तू लिही, पण आकडे नकोत. तो कसा होता तेवढं लिही." पहिल्याच वाक्यात दोन आकडे येऊन बसले. तू असतास तर मला ठेवलेल्या नावानं म्हणाला असतास, "तलाठ्याला सातबारा सोडून दुसरं काही लिहिता येतं का?"

तुझं शिक्षण, नोकरी, मंडळातली पदं हे सगळं शेजारच्या चौकटीत छापलं आहे. मला एका दिवसाबद्दल लिहायचं आहे. तो दिवस आपण दोघांनीच पाहिला आणि आता त्याचा साक्षीदार मी एकटा उरलो आहे. आणि मी खोटी साक्ष दिली आहे.

लीलला जायचं कसं ठरलं, आठवतं? एकोणीस वर्षांत आपण दोघांनी मिळून पुण्याच्या पाहुण्यांना चौदा वेळा पॅरिस दाखवलं. तुझे आईबाबा, माझे सासूसासरे, तुझी आत्या, आत्याचे व्याही. आपल्या ब्रेडाहून पहाटे निघायचं, अँटवर्प मागे पडायचं, गेंट मागे पडायचं, मग महामार्गावर लीलची पाटी यायची. दर वेळी तू म्हणायचास, "इथे एकदा उतरायचंय." मागच्या सीटवरून कुणीतरी विचारायचं, "इथे काय आहे?" तू म्हणायचास, "माहीत नाही. म्हणूनच." आणि गाडी पुढे जायची, कारण आयफेल टॉवरची वेळ ठरलेली असायची आणि ती मी ठरवलेली असायची.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी मेधा आणि माझी स्वाती नाटकाच्या तालमीला जाणार होत्या. सकाळी साडेसातला तुझा फोन आला.

"चल, पाटीवर उतरू."

"आत्ता?"

"नाही, निवृत्त झाल्यावर. काठ्या घेऊन."

तू येईपर्यंत पंचवीस मिनिटं होती. तेवढ्यात मी सहा जागांची यादी केली, नकाशावर अंतरं मोजली आणि प्रत्येक जागेपुढे मिनिटं लिहिली. तू गाडीत बसल्यावर ती यादी वाचलीस आणि घडी करून माझ्याच खिशात परत घातलीस.

दहा वाजून वीस मिनिटांनी आपण गावाच्या कडेला गाडी लावून चालायला लागलो. लाल विटा, पिवळसर दगड, खिडक्यांच्या वर दगडी फळाफुलांच्या माळा. घरं फ्रान्सची वाटतच नव्हती, आपल्याकडच्या ब्राबांट प्रांतातली कुणी नटवून उभी केल्यासारखी होती. एका जुन्या घराच्या भिंतीत तोफेचा गोळा रुतलेला होता. कधीच्या तरी वेढ्यातला. त्यांनी तो काढला नाही, बुजवलाही नाही. तू सहा मिनिटं त्याच्याकडे बघत उभा राहिलास.

"आपल्याकडे असता तर एव्हाना शेंदूर फासला असता," तू म्हणालास. "गोळेश्वर."

मी हसलो. मग घड्याळ दाखवलं. "हेमंत, ही सहातली पहिली जागासुद्धा नाही."

"मग सातवी कर."

"अशानं इथेच संध्याकाळ होईल."

"होऊ दे की. संध्याकाळ फ्रान्समध्येपण होते."

पुढे चीजचं दुकान लागलं, तू थांबलास. फक्त बटणं विकणारं दुकान लागलं, थांबलास. नुसत्या दगडी चौकटीपुढे थांबलास. चौथ्या थांब्यानंतर मी यादी उलटी केली, आधीचे चार आठवून भरले आणि कोऱ्या बाजूला लिहायला लागलो. थांब्याचा क्रमांक, वेळ, किती मिनिटं, समोर काय. परतीच्या वाटेवर तुला तो कागद दाखवायचा आणि चारचौघांत वाचून दाखवायचा, एवढाच हेतू होता. तू पाहिलंस आणि म्हणालास, "घ्या, तलाठ्यांचा पंचनामा सुरू झाला."

तो कागद आत्ता माझ्यासमोर आहे. क्रमांक सातपुढे लिहिलं आहे: "बंद दुकान. ३ मि." खाली दोन रेघा मारल्या आहेत, तुझ्या मूर्खपणाचा पुरावा म्हणून. तिथे मी विचारलं होतं, "बंद दुकानात काय बघतोस?"

"शटरचा रंग."

शटर करड्या रंगाचं होतं. आपण राहतो त्या देशात करडा रंग बघायला कुणी दोनशे किलोमीटर जात नाही. एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही.

सकाळी नऊ थांबे. सरासरी तीनशे पावलांनी एक. मग आपण जेवलो. चीज घातलेला तो जड टार्ट आणि वर बटाटे. तू अर्धं ताटात ठेवलंस, मी टोमणा मारला. जेवणानंतर बाहेर वारा सुटला होता आणि तुझे थांबे दीडशे पावलांवर आले. पुढच्या चाळीस मिनिटांत सहा. ही अंतरं मी घरी येऊन काढली नाहीत, तिथेच फोनवरची पावलं बघून कागदावर लिहिली. म्हणजे मला दिसत होतं. थांब्यांमधलं अंतर निम्म्यावर आलं होतं आणि मी ते नीट, वाचता येईल अशा अक्षरात लिहून घेत होतो.

माझं काम तुला माहीत होतं, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी एका वाहतूक कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या बघतो. एखादी गाडी नेहमीपेक्षा लवकर लवकर थांबायला लागली, की मी दहा मिनिटांच्या आत चालकाला फोन करतो. "काय झालं? गाडी की तू?" एवढंच विचारायचं असतं. एकोणीस वर्षं परक्या माणसांना मी हा प्रश्न विचारत आलो आहे. तुला नाही विचारला.

साडेतीनच्या सुमाराला आपण नगरभवनाच्या मनोऱ्याखाली होतो. तू म्हणालास, "तू जा वर. मला खालून छान दिसतोय." तू कमानीजवळच्या बागेत बाकावर बसलास. मी वर गेलो, पायऱ्या मोजल्या. तो आकडा लिहीत नाही, मेधाची अट निदान एका ठिकाणी पाळतो. वरून सगळं गाव दिसत होतं आणि बाकावर तू. मी फोटो काढला. गेल्या महिन्यात तो फोटो मोठा करून, आणखी मोठा करून पाहिला. तुझा हात छातीवर होता का, ते बघायचं होतं. त्यात तू दिसत नाहीस. राखाडी चौकोन दिसतात.

पाच वाजता मी गाडीकडे वळलो. सहातल्या तीन जागा झाल्या होत्या. गेंटजवळ आल्यावर मी बोललो. बोललो ते शब्दशः लिहितो, कारण तू ते खोडायला नाहीस आणि मीही खोडू नये. मी म्हणालो, "तुला चालायचंच नसेल तर घराबाहेर पडतोस कशाला? बस घरी. लोकांचा दिवस कशाला फुकट घालवतोस?"

मला वाटलं, तू उलट काहीतरी बोलशील. तू नेहमी बोलायचास. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "बरं."

त्यानंतर आपण तीनदा भेटलो, तिन्ही वेळा माणसांत. ते "बरं" तसंच राहिलं आहे.

ऑक्टोबरात तू सकाळी ऑफिसला निघालास आणि समोरून वारा असताना सायकलवरून पडलास. एका अनोळखी बाईनं स्वतःचा कोट तुझ्या डोक्याखाली ठेवला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ती तुझा हात धरून बसली. ती बाई मला माहीत असलेल्या सगळ्या माणसांपेक्षा तुझ्याशी बरी वागली. तिनं घड्याळ पाहिलं नाही.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी तुझ्या पुण्याच्या डॉक्टर मावसभावाचा फोन आला. जुलैपासून तुझी छाती चालताना भरून येत होती, उभं राहिलं की दोन मिनिटांत सुटत होती. तू त्याला हे व्हॉट्सॲपवर लिहिलंस. तो तुला म्हणाला, आजच्या आज तिथल्या डॉक्टरला फोन कर. तू म्हणालास, करतो. आठ दिवसांनी त्यानं पुन्हा विचारलं. तू म्हणालास, केला, त्यांचं म्हणणं आहे डिसेंबरात पुण्याला येईपर्यंत थांबलं तरी चालेल. असं कुणीच म्हणालं नव्हतं. इथल्या हाउसआर्ट्सकडे, आपल्या दोघांच्याही त्याच घरच्या डॉक्टरबाईंकडे, तुझा या वर्षात एकही फोन गेलेला नाही, मेधानं तुझ्या फोनमधल्या नोंदी तपासल्या. मी त्यांच्याकडे जाऊनही विचारलं. तुझ्याबद्दल काही सांगणार नाही म्हणाल्या, ते बरोबरच. पण चालताना छाती भरते असं कुणी सांगितलं, तर त्या काय करतात, एवढं सांगितलं. त्याच दिवशी बघतात. आणि म्हणाल्या, अशी माणसं दुकानांच्या काचांपुढे उभी राहतात, म्हणजे बरोबरच्याला कळत नाही.

सात हजार किलोमीटरवरच्या भावाला तू सांगितलंस. मी दोन फुटांवर होतो. या गोष्टीचा मला राग आहे, हेमंत, आणि श्रद्धांजलीत राग लिहू नये असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी हे पान उलटावं. तू मला चिडू दिलंस. मला टोमणे मारू दिलेस. तुला एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं, आणि ते वाक्य न बोलता तू मला जन्मभर पुरेल एवढं मूर्ख करून गेलास.

पण तू हे पहिल्यांदा केलं नव्हतंस. मी ब्रेडाला आलो त्या फेब्रुवारीत तू मला तुझी सायकल दिलीस. "घेऊन टाक, मला चालायला आवडतं," म्हणालास. मी ती दोन महिने वापरली. तुझ्याकडे दुसरी सायकल नव्हती आणि तू रोज सकाळी गोठलेल्या रस्त्यावरून पस्तीस मिनिटं स्टेशनापर्यंत चालत जायचास, हे मला मेधानं चार वर्षांनी सांगितलं. तेव्हाही मी तुझ्या आवडीवर विश्वास ठेवला होता. आवड म्हणून सांगितलंस की मी दुसरं काही शोधत नाही, हे तू तेव्हाच ओळखलं असणार. त्या सायकलबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. कळलं तेव्हा उशीर झाला आहे असं वाटलं. उशीर म्हणजे काय, ते आता कळतंय.

इथवरच लिहून थांबलो असतो तर मेधाची दोन पानं भरली असती आणि लोक म्हणाले असते, बरं लिहिलंय. पण खोटी साक्ष राहिली आहे.

पाच वर्षांपूर्वी माझ्या पित्ताशयाचं दुखणं निघालं तेव्हा मी एक तक्ता केला. "इथे की पुण्यात". एका रकान्यात दुखणं, दुसऱ्यात इथे पहिल्या फोनपासून उपचारापर्यंत लागलेले दिवस, तिसऱ्यात पुण्यात लागलेले दिवस. मंडळाच्या गटावर टाकला. लोकांनी आपापले गुडघे, दात, मोतीबिंदू भरले. समारंभांत मी तो तोंडपाठ सांगायचो. "इथे पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतील. तिकीट काढा, पुण्यात चार दिवसांत मोकळे." सगळे हसायचे, आणि डिसेंबरात पुण्याला जाऊन शरीराची कामं उरकून यायचे, जशी कपड्यांची आणि बँकेची उरकतात. आपल्या लोकांची ही पद्धतच होऊन बसली, आणि तिला आकडे मी पुरवले. गुडघा डिसेंबरपर्यंत थांबतो. काय थांबत नाही, याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी मेधानं मला बोलावलं. जेवणाच्या टेबलावर तुझा लॅपटॉप उघडा होता. शेजारी तुझी सई बसली होती.

"हे काय आहे बघ," मेधा म्हणाली. "ऑगस्टमध्ये उघडलेलं दिसतंय."

माझाच तक्ता होता. तुझी प्रत. शेवटी तू एक ओळ वाढवली होतीस. दुखणं: छाती. इथे: प्रश्नचिन्ह. पुण्यात: ४.

सईनं मान वर केली. "काका, दॅट्स युअर एक्सेल, राइट? बाबा नेहमी म्हणायचा, काकाची एक्सेल."

"माझीच," मी म्हणालो. "जुनी आहे. मंडळाचं काहीतरी होतं."

"आणि लीलला?" मेधानं विचारलं. "तुम्ही दिवसभर चाललात. काही जाणवलं नाही तुला?"

"नाही," मी म्हणालो. "मजेत होता."

कागद तेव्हा माझ्या पाकिटात होता.

हा लेख चार वेळा लिहिला. पहिल्या तिन्ही वेळी त्यात तोफेचा गोळा होता, शेंदूर होता, सायकल होती. तक्ता नव्हता. चौथ्यांदा लिहिल्यावर तो अंकाकडे पाठवण्याआधी गेल्या रविवारी मेधाकडे गेलो. छापलेलं वाचून तिला कळू नये, एवढी तरी लाज माझ्यात होती. कागद तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. तक्ता, समारंभांतलं भाषण, गेंटजवळचं वाक्य.

तिनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. बोट एकेका ओळीवर ठेवत.

"तू मोजत होतास," ती म्हणाली.

"हो."

"मोजत होतास आणि विचारलं नाहीस."

मी बसून राहिलो. तिनं मला जा म्हटलं असतं तर गेलो असतो. ती उठली, पाणी प्यायली, परत आली. माझ्यासाठी आणलं नाही, आणि ते मला बरोबर वाटलं.

"तक्ता त्यानं बघितला, तुझ्यामुळे. फोन केला नाही, तो त्याच्यामुळे. मला सांगितलं नाही, तेही त्याच्यामुळे," ती म्हणाली. "तुझ्या वाटणीचं तू घेऊन जा. सगळं तुझ्या नावावर करून त्याला मोकळा करू नकोस. मला अजून त्याच्याशी भांडायचंय."

मग तिनं कागद माझ्याकडे सरकवला.

"यातले दुखण्याचे किती आणि गावाचे किती? तेवढं सांग. त्याला तिथे खरंच यायचं होतं, विनय. पंधरा वर्षं ती पाटी दाखवायचा मला. एवढं जाऊन त्यानं नुसता काचांचाच आधार घेतला असेल तर मला ते माहीत असू दे."

मी एकतीस ओळी पुन्हा वाचल्या. चीजचं दुकान. बटणं. शटर. गोळ्यासमोरची सहा मिनिटं तरी तुझी होती असं मला म्हणायचं होतं, पण गोळ्याच्या आधी आपण बराच वेळ सरळ, सपाट रस्त्यानं भराभर चाललो होतो, माझ्या घाईनं. शेंदराचा विनोद तू श्वास जमवून केलास की सहज केलास, मला सांगता येत नाही. एकाही ओळीची खात्री देता येत नाही. तेच तिला सांगणार होतो.

तेव्हा मला कागदातली फट दिसली. पंधरावा थांबा दोन वाजून चार मिनिटांचा आहे. सोळावा दोन छप्पन्नचा. मध्ये बावन्न मिनिटं काहीच लिहिलेलं नाही.

ते जुन्या व्यापारी बाजाराचं आवार होतं. चारी बाजूंनी कमानी, जुन्या पुस्तकांची टेबलं आणि एका कोपऱ्यात बुद्धिबळ खेळणारे दोन म्हातारे. तिथे खुर्च्या होत्या. आपण बसलो. बसल्यावर तुझं दुखत नव्हतं, हे आता मला माहीत आहे. एक म्हातारा हरत आला की दुसऱ्याच्या कोटावरची धूळ झटकायला लागायचा, त्याचं लक्ष उडवायला. तिसऱ्यांदा झटकली तेव्हा तू इतका हसलास की दोघंही वळून बघायला लागले. मग त्यांतल्या एकानं तुला हातानं विचारलं, आता काय खेळू, आणि तू घोडा दाखवलास, मी उंट. आपण दोघं मराठीत भांडलो, ते दोघं फ्रेंचमध्ये. शेवटी त्यानं तुझा घोडा खेळला आणि हरला. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणालास, "बघ, माझं ऐकणारा निदान एक तरी भेटला."

मेधाला हे सगळं सांगितलं.

"मग हे का लिहिलं नाहीस कागदावर?"

"मीही खेळ बघत होतो," मी म्हणालो. "मोजायचं राहून गेलं."